ताम्रपटाची साक्ष

(गंधवानी येथे दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



आपल्या गंधवानीहून बाघ फार दूर नाही. तेथील लेण्यांना लोक पांडवांच्या गुंफा म्हणत. १९२९ साली दुसऱ्या लेण्यातील माती-दगड उपसताना एक ताम्रपट मिळाला आणि तो बोलू लागला. माहिष्मतीच्या महाराज सुबंधूने येथील बौद्ध विहाराला एक गाव दिले होते, ते धूप, फुले, भिक्षूंचा योगक्षेम आणि पडझडीची दुरुस्ती यांसाठी.

दुर्दैवाने पत्र्याचा वर्ष कोरलेला भागच गेला आहे. सुबंधूच्या बडवानी ताम्रपटावर १६७ हे वर्ष आहे. ते गुप्त संवत मानले तर इ. स. ४८६ च्या सुमारास येते. कलचुरी मानले तर सत्तर वर्षे आधी. एक तुकडा हरवला आणि एवढा वाद उरला!

पुढे १९८२ मध्ये बाघजवळ रिसावाला येथे सत्तावीस ताम्रपट सापडले, आणि वल्खाच्या महाराजांचा इतिहास उजळला.

म्हणून विनंती, की शेतात वा घरात असा पत्रा आढळला, तर मोडीत घालू नका, चिंचेने घासूही नका. पुरातत्त्व खात्याला कळवा. त्या दात्याने दुरुस्तीचीही तरतूद केली होती. आपण निदान त्याची साक्ष तरी जपू या.