पोलिसाच्या निवृत्तिवेतनाची जप्ती

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यांतील खैरलांजी येथें २९ सप्टेंबर २००६ रोजीं भोतमांगे कुटुंबांतील आई, मुलगी व दोन मुलगे अशा चौघांचा खून झाला. भंडाऱ्याच्या न्यायालयानें २००८ मध्यें आठ आरोपींना दोषी ठरविलें. लोकांचा रोष मात्र गुन्हेगारांवर होता तसाच हयगय करणाऱ्या पोलिसांवरही होता, आणि कांहीं पोलीस निलंबित झाले. पण निलंबन म्हणजे शिक्षा नव्हे. निलंबिताला निर्वाहभत्ता मिळतच असतो. खरा घाव कोठें बसतो हें पाहावयाचें तर महाराष्ट्राचे १९८२ चे निवृत्तिवेतन नियम उघडावे लागतात. (१ नोव्हेंबर २००५ पासून नोकरींत आलेल्यांना ते सहसा लागू नाहींत.)

बडतर्फीचा हुकूम निघाला कीं मागची सारी सेवा जप्त होते. मग ती तीन वर्षांची असो वा तीस वर्षांची. भविष्यनिर्वाह निधींत स्वतः साठविलेला पैसा तेवढा त्याचा राहतो.

निवृत्त झालेल्याची गोष्ट निराळी. गंभीर गैरवर्तन वा हयगय सिद्ध झाल्यास शासन त्याचें वेतन सर्वस्वीं किंवा अंशतः, कायमचें किंवा कांहीं काळ रोखूं शकतें. मात्र चौकशी नोकरींत असतांना सुरू झाली नसेल, तर पुढें ती सुरू करण्यास शासनाची मंजुरी हवी, आणि घटना चार वर्षांहून जुनी नसावी. समजा, घटना मे २०१९ मधील, निवृत्ति २०२१ मधील, आणि आरोपपत्र निघालें जून २०२३ मध्यें. तर ती चौकशी चालावयाचीच नाहीं. त्याच घटनेंतील दुसरा शिपाई, ज्याचें आरोपपत्र वेळेवर निघालें, तो मात्र सर्वस्व गमावून बसेल. अपराध एकच, फरक पाडला तो कचेरींतल्या दिरंगाईनें. मला यांतील मोठा अन्याय हाच वाटतो.

निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७१ मध्यें देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यांत सांगितलें. नियमाचा आधार नसतां नुसत्या हुकुमानें तें रोखतां येत नाहीं, हें २०१३ मध्यें झारखंडच्या एका प्रकरणांत पुन्हां स्पष्ट झालें. इंग्लंडांत पोलिसाच्या निवृत्तिवेतनाचा शेंकडा ६५ पर्यंतच भाग जप्त होतो. उरलेला त्याच्या स्वतःच्या वर्गणीचा समजतात.

आमच्याकडे वर्गणी नाहीं, पण दयेची वाट आहे. प्रकरण खास विचारास पात्र असेल तर शासन अनुकंपा निवृत्तिवेतन देऊं शकतें. मात्र तें एरव्हीं मिळालें असतें त्याच्या दोनतृतीयांशाहून अधिक नसतें. अपराध पोलिसाचा असला तरी महिन्याच्या शेवटीं वाण्याचें बिल त्याच्या बायकोला चुकवावें लागतें. तेव्हां चौकशीचा निकाल लागण्याच्या सुमारासच शासनापुढें घरची सारी स्थिति लेखी मांडावी.