फोटोची पाठही जपा

(विवळवेढे येथे कार्यकर्त्या मैत्रिणींसमोर केलेले भाषण)



आपण महालक्ष्मीच्या डोंगराखाली बसलो आहोत. चैत्री पौर्णिमेपासून इथे जत्रा भरते. आमच्या लहानपणी फोटो निघायचा तो जत्रेत, नाहीतर लग्नात. म्हणून पाड्यांवरच्या घरांत फोटो मोजकेच. त्यातला एक पावसाळ्यात बुरशीला गेला, की त्या बाईचा चेहराच गेला.

घरच्या कॉम्प्युटरला जोडायला मी साधा स्कॅनर घेतला तो मोर्च्यांचे फोटो वाचवायला. काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. काच कोरड्या मऊ कापडाने पुसायची. फोटोवरची धूळ तोंडाने फुंकायची नाही, थुंकी उडते. मऊ ब्रशने झटकायची. पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयवर घेतला तर पुढे पोस्टरसाठी मोठा करता येतो. निगेटिव्हमधून उजेड आरपार जावा लागतो, म्हणून झाकणात दिवा असलेला स्कॅनर हवा, आणि २४०० डीपीआय तरी, कारण ती काडेपेटीहूनही लहान असते. मूळ प्रत टिफमध्ये ठेवा. जेपीईजी पुन्हा पुन्हा बदलून जतन केली की झिजत जाते. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, अख्खं पानच काचेवर ठेवा.

हे सगळं मी नीट केलं आणि मोठी चूकही केली. एका आजींनी पाकीटभर फोटो दिले होते. मी फक्त पुढची बाजू घेतली, फाइलींना आकडे दिले आणि पाकीट परत केलं. दोन पावसाळ्यांनी त्यांचं छप्पर गळलं, फोटो चिकटून गोळा झाले. तेव्हा आजी म्हणाल्या, “मागे पेन्सिलीने नावं लिहिली होती, बाय. तू वाचली असशील ना?” मी वाचली नव्हती. त्यांच्यासोबत कॉम्प्युटरपुढे बसून पाचांपैकी तिघींची नावं मिळाली. दोघी आठवल्या नाहीत.

नावाचं एवढं काय, असं कोणी म्हणेल. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगडचं नाव आपण घेतो, घ्यायलाच हवं. पण वेठ आणि लग्नगडीची चाल मोडायला उतरलेल्या बायांपैकी किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील? गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ लिहिलं म्हणून पुष्कळ काही उरलं. मुंबईत १९८८ साली ‘स्पॅरो’ हा स्त्रियांचा अभिलेखसंग्रह सुरू झाला तो याच गरजेतून. आपल्या फोटोंखाली मात्र अजूनही पुढाऱ्याचं नाव असतं आणि बाकी सगळ्या ‘आदिवासी महिला’.

विचारणंही हवं. एक मावशी मला म्हणाल्या, “मूठ वळलेला फोटो सुनेला दाखव, पेपरात नको देऊ.” त्यांचा नवरा तेव्हा मोर्च्याला जाऊ देत नव्हता. तो फोटो मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला आहे, छापायला कोणाला देत नाही.

स्कॅनर माझ्या घरी आहे, रविवारी मोकळा असतो. फोटो आणाल तेव्हा नावं सांगणारी बाईही सोबत आणा. चहा मी करीन, आणि फोटो त्याच दिवशी परत घेऊन जा.