राजदंड आणि धूपपात्र

ख्रिस्तपूर्व आठव्या शतकांतील यहूदाचा राजा उज्जीया यानें यरुशलेमेंत बुरूज उभारिले, रानांत टांकीं खोदविलीं. परंतु बळ वाढतांच तो उन्मत्त झाला आणि धूप जाळण्यासाठीं स्वतः मंदिरांत शिरला. अजऱ्या याजक व त्याच्यासह ८० याजक आडवे आले; हा अधिकार अहरोनाच्या वंशाचा, राजाचा नव्हे! क्रोधाविष्ट राजाच्या कपाळीं कोड उठलें आणि मरेपर्यंत तो निराळ्या घरीं राहिला, असें इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकांत सांगितलें आहे.

सिंहासन दाविदाच्या कुळास, वेदी अहरोनाच्या वंशास, ही वांटणी लोकांचें रक्षण करी. ज्याच्या हातीं तरवार त्याच्याच हातीं क्षमाही गेली, तर गाऱ्हाणें कोणापुढें न्यावें?

तथापि उत्पत्तीच्या पुस्तकांतील शालेमचा राजा मलकीसदेक हा याजकही आहे. तो भाकर व द्राक्षारस घेऊन येतो, अब्रामाला आशीर्वाद देतो. इब्री लोकांस लिहिलेलें पत्र यहूदा वंशांतील येशूला त्याच्याच परंपरेंतील याजक म्हणतें. मर्म असें कीं, उज्जीया गर्वानें वेदीकडे गेला. हा याजक स्वतःचेंच अर्पण करितो. त्या पत्राच्या दृष्टीनें दोन्ही पदें शोभतात तीं अशाच हातीं.