शेवाळाची ओळख
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आजच्या भाषणासाठी मी शेवाळ हा विषय घेतला, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी शास्त्रज्ञ नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरीत फायलींच्या सहवासात आयुष्य घालवलेला, कलाशाखेचा एक साधा पदवीधर आहे. परंतु एखाद्या वस्तूचा उपयोग करण्यापूर्वी तिची पुरती ओळख करून घेणे किती अगत्याचे असते, हे मला शेवाळाच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसले तितके अन्यत्र क्वचितच दिसले.

विहिरीच्या पायऱ्यांवरचा हिरवा, निसरडा थर, एवढीच शेवाळाविषयी आपली कल्पना असते. वास्तविक हे एक विशाल कुटुंब आहे. मूळ, खोड, पान, फूल यांपैकी काहीही नसताना हे जीव सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करतात. काही एकपेशीय आणि सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारे, तर समुद्रातील काही तपकिरी शेवाळे ४० मीटरांहूनही लांब वाढणारी. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणाने जो प्राणवायू निर्माण होतो, त्यातील सुमारे निम्मा समुद्रातील सूक्ष्म जीवांकडून येतो.

आपल्या भगिनी ज्या चायना ग्रासची पुडिंगे करतात, तेही लाल समुद्रशेवाळापासून काढलेले अगरच होय. १८८१ च्या सुमारास जर्मनीत फॅनी हेसे या गृहिणीने जंतू वाढवण्यासाठी जिलेटिनऐवजी अगर वापरावे, असे आपल्या संशोधक पतीला सुचवले. जिलेटिन उबेत पातळ होई. अगर घट्टच राही. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत ही युक्ती रूढ झाली आणि स्वयंपाकघरातील वस्तू जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली.

आपल्या देशात भाताच्या खाचरात वर्षानुवर्षे खत न घालताही काही पीक येत राहते, याचे कोडे होते. १९३९ मध्ये पी. के. डे यांनी दाखवून दिले की, तेथील पाण्यात वाढणारी नील-हरित शेवाळे हवेतील नत्र बांधून जमिनीला देतात. आज शास्त्रज्ञ त्यांची गणना जीवाणूंत करतात, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांचे काम तेच आहे. यांतील अनेकांच्या तंतूंत मधूनमधून जाड भिंतीच्या खास पेशी असतात. नत्र बांधण्याच्या क्रियेला प्राणवायू मारक ठरतो. म्हणून ती क्रिया या बंद कोठडीत चालते.

आता ज्यासाठी मी उभा राहिलो, त्या दोन हकिकती सांगतो.

पहिली जपानची. तेथे नोरी नावाच्या समुद्रशेवाळाचे पातळ कागदासारखे पापुद्रे भाताबरोबर खातात. किनाऱ्यावरील लोक शतकानुशतके त्याची लागवड करीत. परंतु त्याचे बीज उन्हाळ्यात कोठे असते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पीक येईल की बुडेल हे दैवावर अवलंबून असे. मँचेस्टर विद्यापीठातील कॅथलीन ड्रू-बेकर या विदुषींना विवाहानंतर अध्यापनाचे पद सोडावे लागले होते. तरी त्यांनी संशोधन सोडले नाही. नोरीच्याच जातकुळीतील एका शेवाळाचा अभ्यास करून त्यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केले की, शिंपल्यांत वाढणारा जो गुलाबी तंतुमय जीव निराळा समजला जात होता, तो याच शेवाळाच्या आयुष्यातील एक अवस्था आहे. हे कळताच जपानी शास्त्रज्ञांनी शिंपल्यांवर बीज तयार करण्याची रीत बसवली आणि हजारो कुटुंबांचा धंदा स्थिर झाला. १९५७ मध्ये निवर्तलेल्या या बाईंनी जपान कधी पाहिला नव्हता. तरी १९६३ मध्ये आरिआके समुद्राच्या काठी, उतो येथे त्यांचे स्मारक उभारले गेले, आणि दरवर्षी १४ एप्रिलला लोक तेथे जमून कृतज्ञता व्यक्त करतात.

दुसरी हकिकत आपल्याच देशातील. रामेश्वराच्या यात्रेला जाताना आपण पांबनची खाडी ओलांडतो. त्या परिसरात कोळी समाजातील बायका हातांना चिंध्या गुंडाळून, समुद्रात बुड्या मारून शेवाळ गोळा करतात आणि त्यावर घर चालवतात. मूळ फिलिपिन्सकडील काप्पाफायकस हे शेवाळ तेथे बांबूच्या तराफ्यांवर लावले जाऊ लागले. सुमारे ४५ दिवसांत ते कापणीला येते. त्यापासून निघणारा कॅराजीनन आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत उपयोगी पडतो. परंतु या शेवाळाचा तुटलेला तुकडाही नव्याने वाढतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार ते मन्नारच्या आखातातील क्रुसडाई बेटाजवळ पसरले होते आणि त्याच्या आच्छादनाखाली जिवंत प्रवाळ मरत होते. प्रवाळ गेले की मासळीचा आसरा जातो, म्हणजे पुन्हा त्याच कोळी कुटुंबांचे नुकसान.

म्हणून लागवडच नको, असे मी म्हणणार नाही. त्या भगिनींना मिळणारा रोजगार मोलाचा आहे, आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत समुद्रशेवाळाच्या लागवडीला स्थान मिळाले, हे योग्यच झाले. परंतु योजनेच्या कागदावर अपेक्षित उत्पन्नाचा रकाना असतो; त्या जीवाच्या जीवनक्रमाचा बहुधा नसतो. जपानात जीवनक्रम आधी समजला, मग धंदा वाढला. आपल्याकडे धंदा आधी वाढला आणि जीवाचा स्वभाव नंतर ध्यानात आला. हा क्रम उलटा करणे आपल्या हाती आहे.

आपल्या मंडळातील मुलांपैकी कोणी वनस्पतिशास्त्राकडे वळू इच्छीत असेल, तर 'त्याचा उपयोग काय?' असे विचारून त्याला परतवू नका. शिंपल्यावरच्या गुलाबी डागाचा उपयोगही १९४९ पूर्वी कोणाला सांगता आला नसता.