ग्रंथपालांचं पदक



मुलांच्या पुस्तकाला पुरस्कार मिळाल्याची बातमी आली, की आपण दोन गोष्टी विचारतो. कुणाला मिळाला आणि रक्कम किती? आज मी तिसरा प्रश्न घेऊन तुमच्यासमोर उभी आहे. तो दिला कुणी? मुलांचं पुस्तक पारखण्याचा अधिकार नेमका कुणाचा? या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर ब्रिटनमधल्या एका जुन्या पुरस्काराने दिलं आहे, ते म्हणजे कार्नेगी पदक. तिथल्या ग्रंथालय संघाने १९३६ साली ते सुरू केलं. त्याची निवड ग्रंथपाल करतात, आणि तेही शाळांमधून आणि सार्वजनिक वाचनालयांच्या बालविभागातून मुलांसोबत काम करणारे ग्रंथपाल.

पदकाला ज्याचं नाव आहे, तो अँड्र्यू कार्नेगी १८३५ साली स्कॉटलंडमधल्या डनफर्मलिन गावी एका विणकराच्या घरी जन्मला. यंत्रमाग आले आणि हातमाग बसले, तेव्हा हे कुटुंब १८४८ साली अमेरिकेत गेलं. तेरा वर्षांचा अँड्र्यू आधी सूतगिरणीत लागला, मग तारा पोचवणारा पोऱ्या झाला. त्या भागात कर्नल अँडरसन नावाचे गृहस्थ होते. आपली चारशेक पुस्तकं त्यांनी कामकरी मुलांसाठी खुली केली होती. दर शनिवारी एक पुस्तक न्यायचं, पुढच्या शनिवारी बदलून घ्यायचं. पुढे वाचनालयाच्या व्यवस्थापकांनी नियम काढला, की कारागिराच्या हाताखाली रीतसर उमेदवारी करणाऱ्यांनाच पुस्तक फुकट मिळेल, इतरांना वर्गणी पडेल. तारवाला पोऱ्या उमेदवार नव्हता. त्याने सरळ वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, वाद घातला आणि दार पुन्हा उघडून घेतलं.

हाच मुलगा पुढे पोलादाचा सम्राट झाला आणि जगभर अडीच हजारांवर वाचनालयं त्याच्या पैशातून उभी राहिली. त्यातलं पहिलं १८८३ साली डनफर्मलिनमध्ये. याच कार्नेगीच्या होमस्टेड इथल्या कारखान्यात १८९२ साली कामगारांचा संप बळाने मोडला गेला आणि माणसं मेली, हेही इथे सांगितलं पाहिजे. देणगीचा हिशेब मांडताना हे पान वगळता येत नाही. पण वाचनालयाच्या दारात अडवलेल्या मुलाचं नाव मुलांच्या पुस्तकाच्या पदकाला मिळालं, हे मला योग्य वाटतं.

पहिलं पदक आर्थर रॅन्समच्या ‘पिजन पोस्ट’ला मिळालं. सुट्टीत डोंगरात सोनं शोधायला निघालेली आणि कबुतरांकरवी घरी निरोप धाडणारी मुलं त्यात आहेत. रॅन्सम तेव्हा मुलांचा लाडका लेखक होता, त्यामुळे त्या निवडीवर फार बोलण्यासारखं काही नाही. मला थांबायचं आहे ते दुसऱ्या वर्षापाशी.

१९३७. त्या वर्षी टोल्कीनचं ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झालं. आज जगातल्या बहुतेक सगळ्या मोठ्या भाषांत ते आहे. पदक मात्र ईव्ह गार्नेटच्या ‘द फॅमिली फ्रॉम वन एंड स्ट्रीट’ला मिळालं. पुरस्कारांची चर्चा निघाली, की परीक्षकांची नजर कशी चुकते याचा दाखला म्हणून हे वर्ष पुढे केलं जातं. मला ते मान्य नाही. त्या ग्रंथपालांनी काय पाहिलं असेल, ते आधी पाहू या.

ईव्ह गार्नेट मुळात चित्रकार. लंडनमधल्या मुलांवरच्या एका पुस्तकासाठी चित्रं काढायचं काम तिला मिळालं आणि त्यासाठी ती गरीब वस्त्यांतून हिंडली. तिथली मुलं तिच्या मनातून जाईनात. त्या काळच्या इंग्रजी बालकथांत गरीब मूल आलंच, तर ते दयेचा विषय म्हणून यायचं. घरात मोलकरीण, सुट्टीत होड्या आणि निवासी शाळा असलेल्या मुलांचीच साहसं असत. गार्नेटने कचरा गोळा करणारा बाप, लोकांचे कपडे धुणारी आई आणि त्यांची सात मुलं यांची कथा लिहिली. मुलांसाठी हा विषय योग्य नाही म्हणून प्रकाशकांनी ती पुन्हा पुन्हा परत पाठवली.

त्यातला एक प्रसंग सांगते. थोरली लिली रोझ आईला मदत करायची म्हणून आई घरात नसताना इस्त्री हातात घेते. समोर गिऱ्हाइकाचा हिरव्या नकली रेशमाचा परकर. इस्त्री जास्त तापलेली. कापड आक्रसत जातं, आणि बघता बघता तो परकर बाहुलीला बसेल एवढा होतो. प्रसंग एवढाच. पण धुणं हा ज्या घराचा धंदा आहे, तिथे गिऱ्हाइकाचा कपडा खराब होणं म्हणजे काय, हे त्या पोरीला कळतं आणि वाचणाऱ्या मुलालाही कळतं. राक्षस नाही, गुहा नाही, तरी छातीत धडधडतं. दुसरी मुलगी केट शिष्यवृत्ती मिळवते. घरभर आनंद होतो आणि लगेच आईबापांपुढे प्रश्न उभा राहतो, की गणवेशाचे पैसे कुठून आणायचे? आपल्याकडच्या किती घरांना हा आनंद आणि ही चिंता एकाच दिवशी भेटली आहे!

या पुस्तकावर पुढे टीका झाली. लेखिका गरिबांकडे जरा वरून बघते, त्यांची गरिबी फार गोड करून दाखवते, असं म्हटलं गेलं. ही टीका मला अर्धी पटते. पण १९३७ साली सार्वजनिक वाचनालयाच्या खिडकीपलीकडे बसलेल्या माणसासमोर कोण येत होतं? अशाच घरांतली मुलं. त्यांना आपल्यासारखं कुणी पुस्तकात भेटत नव्हतं. ती उणीव ग्रंथपालाला रोज दिसत होती. ‘हॉबिट’ला वाचक मिळणारच होते. या पुस्तकाला पदकाचा आधार हवा होता. ती निवड मला अचूक वाटते.

ग्रंथपालाला मुलांबद्दल जे कळतं, ते इतरांना सहसा कळत नाही. कोणतं पुस्तक दोन दिवसांत परत आलं, कोणतं तीनदा मुदत वाढवून नेलं, कोणत्याचा पुठ्ठा सुटून शिलाई दिसायला लागली, कोणतं दुसऱ्या कुणी नेऊ नये म्हणून मुलांनी भलत्याच कपाटात दडवलं, हे त्याला पाठ असतं. पण फक्त खप आणि आवड बघायची असती, तर मतमोजणी पुरली असती. कार्नेगीचे निकष कथानक, पात्रं आणि शैली पाहतात. त्यापुढे जाऊन पुस्तक मिटल्यावरही जो अनुभव आपण स्वतः जगलो असं वाटत राहतं, तो ते मागतात. अशी पुस्तकं मिळाली नाहीत, तर पदक द्यायचंच नाही, एवढी ताठ भूमिकाही परीक्षकांनी घेतली आहे. १९४३, १९४५ आणि १९६६ या वर्षांचं पदक कुणालाच मिळालं नाही. पुरस्कार दरवर्षी दिलाच पाहिजे, समारंभाची तारीख ठरली आहे, म्हणून कुणाला तरी उभं करायचं, ही सवय साहित्याला घातक आहे, असं माझं ठाम मत आहे.

वादही झाले. १९९६ सालचं पदक मेल्विन बर्जेसच्या ‘जंक’ला मिळालं. घरातून पळालेली आणि हेरॉइनच्या आहारी गेलेली किशोरवयीन मुलं त्यात आहेत. २०१४ साली केव्हिन ब्रूक्सच्या ‘द बंकर डायरी’ला मिळालं, त्यात पळवून नेऊन तळघरात कोंडलेला मुलगा आहे आणि शेवटी आशेचा किरण नाही. वर्तमानपत्रं खवळली. मुलांच्या हाती हे द्यायचं का? हा प्रश्न विचारणाऱ्या पालकाला मी वेडा ठरवणार नाही. दहा वर्षांच्या मुलाला ‘बंकर डायरी’ मीही देणार नाही. पण सोळा वर्षांचा वाचक हाही मूलच असतो आणि त्याच्यासाठी लिहिणाऱ्याला सन्मान हवाच.

आता या पुरस्काराचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं अंग. अंतिम यादी वसंतात जाहीर होते आणि निकाल जूनमध्ये लागतो. मधल्या काळात ब्रिटनभर आणि ब्रिटनबाहेरही शाळांतून, वाचनालयांतून मुलांचे हजारो गट तीच पुस्तकं वाचतात. परीक्षकांच्याच निकषांवर चर्चा करतात, भांडतात, परीक्षणं लिहितात आणि आपला विजेता ठरवतात. अलीकडे मुलांच्या निवडीलाही वेगळा मान मिळतो. कधी तो परीक्षकांच्या निवडीशी जुळतो, कधी नाही. जुळत नाही तेव्हा जास्त चांगलं, कारण बारा वर्षांचं मूल तेव्हा म्हणतं, की मोठ्यांना हे आवडलं, मला नाही आवडलं, आणि का नाही ते मी सांगतो. वाचक इथे घडतो. लेखकाला मिळणारं पदक आणि वाचनालयाला भेट म्हणून देण्यासाठी मिळणारी पाचशे पौंडांची पुस्तकं हा पुरस्काराचा दिसणारा भाग आहे. २०१६पासून एका देणगीतून पाच हजार पौंडही मिळतात, पण तिथे रकमेची चर्चा फारशी होत नाही.

ग्रंथपालांचीही नजर अपुरी पडते. २०१७ सालच्या वीस पुस्तकांच्या प्राथमिक यादीत एकही गौरेतर लेखक नव्हता. रोष उसळला. संस्थेने स्वतंत्र समितीकडून चौकशी करून घेतली आणि निवडीची पद्धत बदलली. २०१९ साली एलिझाबेथ ॲसेव्हेडो हिच्या ‘द पोएट एक्स’ला पदक मिळालं. त्र्याऐंशी वर्षांत ते मिळवणारी ती पहिली गौरेतर लेखक. इतका उशीर का लागला, याचं समाधानकारक उत्तर कुणीही देऊ शकत नाही.

आणि मग २०२३. मॅनन स्टेफन रॉस या वेल्श लेखिकेचं ‘द ब्लू बुक ऑफ नेबो’. अणुसंहारानंतर वेल्समधल्या एका खेड्यात आई आणि मुलगा उरले आहेत. एका निळ्या वहीत दोघं आळीपाळीने लिहितात. हे पुस्तक आधी वेल्श भाषेत आलं आणि लेखिकेनेच त्याचा इंग्रजी अनुवाद केला. कार्नेगी पदक मिळवणारं हे पहिलं अनुवादित पुस्तक. इंग्रजीच्या शेजारी राहून आपली भाषा टिकवणाऱ्या लोकांच्या घरातलं पुस्तक ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या बालसाहित्य पदकापर्यंत गेलं, हे मराठी माणसाने लक्षात ठेवावं.

आपल्याकडे साहित्य अकादमी २०१०पासून मराठीसह भारतीय भाषांना बालसाहित्य पुरस्कार देते. माधुरी पुरंदरे, राजीव तांबे, ल. म. कडू, रत्नाकर मतकरी अशी नावं त्यात आहेत, आणि ती योग्यच आहेत. पण निवड चालू असताना मुलांच्या गटांनी ती पुस्तकं वाचावीत, अशी व्यवस्था त्यात नाही. पुरस्काराची बातमी येते तेव्हा तालुक्याच्या वाचनालयात ते पुस्तक असतंच असं नाही.

आणि वाचनालयांची आपल्याला वाण नाही. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९६७चा. अ वर्गापासून ड वर्गापर्यंत हजारो वाचनालयं अनुदानावर चालली आहेत. तुटपुंज्या पगारावर, कधी अर्धवेळ, तिथे ग्रंथपाल बसले आहेत. मुलांच्या पुस्तकांबद्दल त्यांना आजवर कुणी मत विचारलं आहे?

म्हणून माझी विनंती सभागृहातल्या वाचनालयांच्या पदाधिकाऱ्यांना आणि ग्रंथपालांना आहे. गेल्या दोन वर्षांतली पाच मराठी बालपुस्तकं निवडा. प्रत्येकी दोन-तीन प्रती घ्या. दहा-बारा मुलं जमवा, अनामत मागू नका. दर शनिवारी संध्याकाळी त्यांना एकत्र बसवा, आणि तुम्ही कमी बोला. महिनाअखेरीस मुलांनी निवडलेल्या पुस्तकाच्या लेखकाला वाचनालयाच्या शिक्क्याचं एक पत्र पाठवा, त्यावर सगळ्या मुलांच्या सह्या घ्या. यासाठी शासनाच्या परिपत्रकाची गरज नाही, देणगीदाराचीही नाही. सुट्टी अजून शिल्लक आहे. याच सुट्टीत सुरुवात करा.