बाकी १२ नावाची बस

आजचा एपिसोड छोटा आहे, सवय एकच सांगायचीय. पण आधी एक गणित.

एका बसमध्ये ३६ सैनिक मावतात. एकूण ११२८ सैनिक न्यायचेत. बस किती लागतील? हवं तर पॉज करा.

अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एका राष्ट्रीय चाचणीत हा प्रश्न १३ वर्षांच्या मुलांना विचारला होता. साधारण ७० टक्के मुलांचा भागाकार बरोबर आला. पण ३२ हे उत्तर दिलं फक्त २३ टक्क्यांनी. २९ टक्क्यांनी लिहिलं, ‘३१, बाकी १२’. आता ही बाकी १२ नावाची बस कुठल्या डेपोतून सुटते? भागाकार जमला, पण प्रश्नाकडे परत कुणी बघितलंच नाही.

बर्कलीचे ॲलन शोनफेल्ड यांनी मुलं गणितं कशी सोडवतात ते व्हिडिओवर टिपलं. बरेच जण प्रश्न वाचायचे, सुचेल ती पहिली पद्धत धरायचे आणि वेळ संपेपर्यंत तीच रेटायचे. मग त्यांनी एका गणितज्ञाला भूमितीचं गणित दिलं. त्याचा भूमितीशी कित्येक वर्षं संबंध नव्हता. चुकीच्या वाटा त्यालाही लागल्या. पण तो सारखा थांबून तपासायचा आणि वेळेत मागे फिरायचा.

म्हणून शोनफेल्ड वर्गात फिरता फिरता तीन प्रश्न विचारायचे: नेमकं काय करतोयस? का करतोयस? त्याचा पुढे काय उपयोग? सुरुवातीला मुलं गडबडायची. हळूहळू स्वतःच स्वतःला विचारायला लागली. मेटाकॉग्निशन म्हणतात ते हेच, स्वतःच्या विचारावर स्वतःची नजर.

मी दिवसभर कोडमधले बग शोधतो. तिथेही ‘मी हीच फाइल का बघतोय?’ या प्रश्नाने जेवढा वेळ वाचतो, तेवढा वेगाने टाइप करून वाचत नाही.

आता सीईटी, जेईई किंवा इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्यांसाठी. सोल्यूशनचा व्हिडिओ बघताना सगळं कळतं, कारण त्यातलं ‘का’ दुसऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. परीक्षेत ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

तर या आठवड्यात एवढंच करा. अडलात की व्हिडिओ उघडण्याआधी रफ पानावर एक ओळ लिहा: ‘मी हे करतोय, कारण...’ कारण सुचलं नाही, तर पद्धत बदला. आणि उत्तर आलं की प्रश्न पुन्हा एकदा वाचा. बस मोजायच्यात, बाकी नाही.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!