अंदमानची सहल : काय पाहावे, कसे पाहावे
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या मेळाव्यात दरवर्षी विद्वानांची व्याख्याने होतात. आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून उभी हयात मुलांना भूगोल व गणित शिकविण्यात घालविलेले एक निवृत्त शिक्षक आहोत. गेल्या माघ महिन्यात ज्ञातीतील सहा कुटुंबे, लहानथोर मिळून बावीस माणसे, अंदमानास जाऊन आलो. त्या सहलीत काय पाहिले आणि पुढे जाणारांनी काय पाहावे, हे सांगण्याची चिटणीसांची आज्ञा झाली. ती शिरसावंद्य मानून चार शब्द बोलतो.

ज्ञातीच्या सभेत समुद्रप्रवासावर बोलावयास मिळावे, हा काळाचा महिमा होय. आपल्या पणजोबांच्या काळी समुद्र ओलांडणे निषिद्ध होते. परदेशी जाऊन आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे. न घेतल्यास पंगतीस मुकावे लागे. इंग्रज सरकारने १८५८ साली अंदमानात कैद्यांची वसाहत घातली, तेव्हा जन्मठेपेच्या जोडीला जात गमावण्याचेही भय होतेच. ‘काळे पाणी’ हा शब्द उच्चारताच घरातील बायका डोळ्यांस पदर लावीत. त्याच काळ्या पाण्यावर आज आपण हौसेने तिकीट काढून जातो! तरीही निघण्यापूर्वी आम्हांस घरोघरी एकच उत्तर ऐकावे लागले. तरुण मंडळी तयार, पण वडील माणसे म्हणत, “तीर्थयात्रा असती तर आलो असतो. चैनीसाठी आम्ही कशाला? तुम्ही जा, आम्ही घर सांभाळतो.” ज्यांनी जन्मभर घर सांभाळले, त्यांनीच सहलीच्या दिवशीही घर सांभाळावे, हे आम्हांस पटले नाही. आर्जवे करून आम्ही पाच वृद्धांस बरोबर नेले, आणि आजच्या भाषणाचे सार विचाराल तर ते हेच आहे, की बेटाची सहल ही तरुणांची मिरासदारी नव्हे.

प्रथम थोडा भूगोल. बंगालच्या उपसागरात कोलकाता व चेन्नई या दोहोंपासून सुमारे बाराशे किलोमीटरवर ही द्वीपमाला पसरली आहे. लहानमोठी बेटे पाचशेंहून अधिक. पैकी मनुष्यवस्तीची जेमतेम तीस-चाळीस. विमानाने चेन्नईहून दोन-सव्वादोन तासांत पोहोचता येते. जहाजाने सुमारे तीन दिवस लागतात. मुख्य शहर पोर्ट ब्लेअर; २०२४ साली त्याचे नाव श्रीविजयपुरम असे झाले. आता बालमित्रांनी एक गणित सोडवावे. मुंबई सुमारे ७३ पूर्व रेखांशावर, श्रीविजयपुरम सुमारे ९३ वर. दर अंशास चार मिनिटे, म्हणजे वीस अंशांस किती? ऐंशी मिनिटे! घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे माघातही तेथे सहाच्या आत उजाडते आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. हे ध्यानी न घेता जो मुंबईच्या सवयीने आठास उठून नवास चहा घेतो, त्याचा अर्धा दिवस फुकट गेलाच म्हणून समजावे. येथे पहाटे उठणाऱ्या वृद्धांचे राज्य असते. ऋतूच्या दृष्टीने जानेवारी ते एप्रिल हा काळ उत्तम. मे महिन्यात पाऊस लागतो, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला म्हणजे होड्या बंद राहतात.

पहिल्या दिवशी सेल्युलर तुरुंग पाहावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत तो बांधला गेला. मध्ये टेहळणीचा मनोरा, आणि त्याच्याभोवती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे तीन मजली सात इमारती; आज त्यांपैकी तीनच उभ्या आहेत. एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्यास कैद्याचा चेहरा दिसू नये! सुमारे सातशे कोठड्या, प्रत्येक साडेतेरा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ या काळात येथे होते. त्यांचे थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात असूनही भावाभावांची भेट दुरापास्त होती. बंगालचे बारींद्र घोष, उल्हासकर दत्त, पंजाबचे भाई परमानंद यांनीही येथेच हाल सोसले. आम्ही मुलांस तेथे व्याख्यान दिले नाही. एकेकास कोठडीत उभे करून पावलांनी लांबी-रुंदी मोजावयास सांगितले. मोजून बाहेर आलेली मुले पुष्कळ वेळ गप्प होती. सायंकाळी तेथे ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम होतो, तोही चांगला असतो. पुढील दिवसांत समुद्र पाहताना आनंद होतो, त्या आनंदाची किंमत कोणी भरली हे आधी कळलेले बरे. म्हणून तुरुंग पहिल्या दिवशी.

समोरच होडीने थोड्या वेळात पोहोचता येते ते रॉस बेट. २०१८ पासून त्याचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. वसाहतीचा कारभार पाहणाऱ्या इंग्रज साहेबांचे हे ठाणे. आज त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या व नाचघराच्या भिंतींना झाडांच्या मुळ्यांनी विळखा घातला आहे आणि त्यांतून हरणे व मोर निर्धास्त हिंडतात. १९४१ च्या भूकंपाने येथील इमारतींस तडे गेले; पुढल्याच वर्षी जपान्यांनी बेटे घेतली. सत्ता किती टिकते, हे पोथी न वाचता येथे कळते.

आता समुद्राकडे वळू. अंदमानचे खरे वैभव पाण्याखाली आहे. नॉर्थ बे येथे, आणि वंडूरहून होडीने जाता येणाऱ्या जॉली बॉय बेटावर, काचेच्या तळाच्या होड्या मिळतात. पोहता येत नाही, गुडघे दुखतात, साडी नेसलेली आहे, अशा कोणालाही तीत बसता येते. जॉली बॉय हे १९८३ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येते. तेथे प्लॅस्टिक नेण्यास सक्त मनाई आहे, हे उत्तमच. आमच्या बरोबरच्या एका सत्तरी ओलांडलेल्या भगिनी होडीत बसण्यास राजी नव्हत्या. नातवाने हात धरून बसविले. होडी प्रवाळांवर आली, आणि निळे-पिवळे मासे काचेखालून जाऊ लागले. त्या बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. मग त्यांनी विचारले, “मास्तर, हे दगड आहेत, झाडे आहेत की जनावरे?” आमच्या साऱ्या नोकरीत इतका नेमका प्रश्न क्वचितच कोणी विचारला असेल.

त्या प्रश्नाचे उत्तर आपणा सर्वांस ठाऊक असावे. पोवळे हे दगड दिसते, झाडाप्रमाणे फांद्या फुटते, पण वस्तुतः ती अगणित चिमुकल्या प्राण्यांची वसाहत असते. प्रत्येक जीव आपल्याभोवती चुन्याचे घर बांधतो; त्याच्या देहात राहणारे सूक्ष्म शेवाळ सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्याचे भाडे म्हणून त्या जीवास अन्न देते. पाणी वाजवीपेक्षा अधिक तापले की हे शेवाळ निघून जाते आणि पोवळे पांढरे पडते. असे दीर्घकाळ राहिल्यास ते मरते. अंदमानात २०१० साली असे मोठ्या प्रमाणावर घडले. ही वसाहत वर्षाला काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर वाढते. म्हणजे आपल्या एका पावलाने मोडलेला तुकडा नातवाच्या लग्नापर्यंतही भरून येईल की नाही, याची शाश्वती नाही. यास्तव पाण्यात उतरणाऱ्याने प्रवाळावर उभे राहू नये, त्यास हात लावू नये. किनाऱ्यावर पडलेला शिंपला वा पोवळ्याचा तुकडाही खिशात घालू नये. तो कायद्याने गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. आठवण हवीच असेल, तर सरकारी दुकानातून पावतीसह घ्यावी.

तरुणांस आणखी दोन मौजा आहेत. एक स्नॉर्केलिंग : डोळ्यांवर काच, तोंडात श्वासाची नळी, आणि पाण्यावर पालथे पडून खाली पाहणे. दुसरी स्कूबा : पाठीवर हवेची टाकी घेऊन शिक्षकाबरोबर खाली उतरणे. दहा वर्षांखालील मुलांनी, तसेच दमा, हृदयविकार वा कानाचे दुखणे असणारांनी स्कूबाच्या वाटेस जाऊ नये. आणि बुडी मारल्यावर निदान एक दिवस विमानात बसू नये. काही किनाऱ्यांवर मगरीची सूचना देणाऱ्या पाट्या आहेत. त्या शोभेसाठी लावलेल्या नसतात.

स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक, येथे होडीने दोन तासांच्या आतबाहेर पोहोचता येते. ज्यांस बोट लागते, त्यांनी रिकाम्या पोटी बसू नये व नजर क्षितिजावर ठेवावी. तेथील राधानगर किनारा पश्चिमाभिमुख. शुभ्र वाळू, आणि मागे उंच वृक्षांची भिंत. साडेचारपर्यंत तेथे जाऊन बसावे, आणि काहीही करू नये. सहलीतला सर्वांत चांगला तास हाच, असे आमच्या पाचही वृद्धांचे एकमत झाले. जवळच्या शहीद द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या नीलवर, निसर्गाने कोरलेली दगडी कमान आहे. तेथे ओहोटीच्या वेळीच जावे. खडकांतील डबक्यांत समुद्रकाकड्या, तारामासे, इवलेसे मासे उघड्या डोळ्यांनी दिसतात. आपल्या कोकणच्या मंडळींस उधाण आणि भांग यांतील भेद सांगावयास नकोच. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी अधिक मागे हटते. ओहोटीची वेळ मात्र स्थानिकांस विचारावी.

एक गोष्ट मात्र पाहू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. बाराटांग येथील चुनखडीच्या गुहा व चिखलाचा ज्वालामुखी पाहण्यास जो रस्ता जातो, तो जारवा लोकांच्या राखीव अरण्यातून जातो. हे लोक अवघे काही शेकडा उरले आहेत. १९५६ च्या नियमान्वये त्यांस संरक्षण आहे. गाड्या ताफ्याने जातात, थांबणे, छायाचित्र काढणे, खाऊ देणे यांस बंदी आहे. १९९९ साली त्यांच्यात गोवराची साथ आली होती. आपल्याला किरकोळ वाटणारा आजार त्यांच्या जिवावर बेततो. गाडीच्या खिडकीतून माणसे पाहावयास जाणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. आम्ही त्या दिवशी बाराटांगला गेलो नाही, आणि गुहा न पाहिल्याची हळहळ कोणासही वाटली नाही.

अंदमानच्या माणसांविषयी एक शब्द बोलून पुरे करतो. तेथे बंगाली, तमिळ, तेलुगू, मलयाळी, नाना प्रांतांचे लोक हिंदीत बोलून एकत्र नांदतात. जुन्या कैद्यांनी शिक्षेचा काळ काढून तेथेच संसार थाटले, ते जात आणि प्रांत न पाहता. त्यांची पतवंडे आज स्वतःस अंदमानचेच म्हणवितात. समुद्र ओलांडल्याने जात जाते असे आपले वाडवडील म्हणत. तेथे ती खरोखरच गेली, आणि माणसे सुखाने जगली! ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे बोलण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. आपले मंडळ परस्परांस साह्य करण्यासाठी आहे, कोणास पंगतीतून उठविण्यासाठी नाही.

शेवटी दोन सूचना. एक, मंडळाने दरवर्षी एक सहल काढावी, आणि नाव नोंदविणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने घरातील एका तरी वृद्ध व्यक्तीस बरोबर आणावे, असा संकेत ठेवावा. दुसरी, ज्या वृद्धांस खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी लहानसा निधी उभारावा. त्यात पहिली वर्गणी आमची धरावी. घर दोन-चार दिवस कुलपावर सांभाळले जाते. माणसांस मात्र पाहण्याचे दिवस मोजकेच मिळतात.